सिक लाइनीतला कॅचर

भल्या पहाटे चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत कोणी शिव्या देत असेल तर खुशाल समजावं की अमेरिकेत बेसबॉलची मॅच सुरू आहे आणि गुलाब रामटेके जागा आहे.

कमरेला टॉवेल, हातात मोबाइल, आणि माणूस दारापासून न्हाणीपर्यंत नि न्हाणीपासून दारापर्यंत. बसून मॅच बघणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं. मॅचचं कशाला, तो जेवायचाही उभ्यानं, भाजीची वाटी खिडकीत ठेवून. पायाला भिंगरी असलेले लोक असतात, पण ह्याच्या भिंगरीला विसावा म्हणून नव्हता. यार्डात शंटिंगचं काम, म्हणजे मालगाडीचे डबे तोडायचे, जोडायचे, इंजिनासोबत धावायचं. सगळी जिंदगी त्यात गेली, आणि पाय अजून थांबायला तयार नव्हते.

“पाह्य, पाह्य! पुन्हा हुकला!” त्यानं मोबाइल नाकाला लावला. “तेरा सालाचा करार देल्ला लेकाले! अन् पाचव्या सालीच बॅट अशी फिरवून राह्यला जशा माश्या हाकलते!”

“तुमच्या खिशातून देल्ला का?” रुक्मा, त्याची बायको, गॅसपाशी चहा गाळत होती.

“खिशाचा सवाल नाही, रुक्मा. तत्त्वाचा हाये.”

हे तत्त्व अख्ख्या कॉलनीला तोंडपाठ होतं. पानठेल्यावर कोणी चुकून “काय म्हणते बेसबॉल?” विचारलं की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. गुलाब म्हणायचा, टीम एका पहिलवानानं होत नाही. गाडीत एक डबा कितीही मजबूत असो, गाडी चालते ती जोडावर. पैसा एकाच्या अंगावर ओतू नका, नऊ जणांत वाटा. अन् लांबलचक करार तर देऊच नका, कारण करार माणसाच्या कालच्या होमरनवर, म्हणजे कालच्या षटकारावर होतो आणि बॅट त्याला उद्या फिरवायची असते. फळ पिकलं की तोडा, गळायची वाट पाहू नका. असं सगळं तो तावातावानं सांगायचा, आणि सांगता सांगता पानठेल्याला तीन चकरा मारायचा.

नुसतं तोंडचं ज्ञान नव्हतं हं. शाळेत असताना पीटीच्या सरांनी बेसबॉलचं वेड लावलं तेव्हापासून कॉलनीच्या टीमचा कॅचर गुलाबच. बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसून आलेला बॉल पकडायचा, हेच काय ते त्याचं जगात बसणं. आणि बॉल फेकणारा पिचर केवलराम. दोघं एका बाकावर शिकले, एका साली रेल्वेत लागले. केवलराम डब्यांचा फिटर झाला. ह्यानं नुसतं बोट हलवावं आणि त्यानं तसाच बॉल टाकावा, अशी जोडी. पुढं गुडघे गेले तेव्हा गुलाब टीमचा कोच झाला. केवलराम मात्र फेकतच राहिला.

आता इथं सिक लाइन म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. मालगाडीच्या डब्यात बिघाड दिसला की त्यावर खडूनं खूण करतात, डबा गाडीतून काढतात आणि बाजूच्या रुळावर नेऊन उभा करतात. त्या रुळाला म्हणायचं सिक लाइन. केवलरामची ड्यूटी तिथंच.

दोन वर्षांमागं भीमजयंतीची मॅच होती, पलीकडच्या हुडको वस्तीच्या टीमसोबत. केवलरामचा खांदा उतरला होता, बॉल वाटेतच दमायचा. गुलाबनं काय करावं? सगळ्या पोट्ट्यांसमोर म्हणाला, “केवल, आजपासून तू सिक लाइनीत. हर्षल फेकंल.” वरून खडू मारल्यासारखं बोट त्याच्या छातीवर ओढलं. पोट्टे हसले. केवलरामनं हातातला बॉल गुलाबच्या हातात ठेवला आणि मैदानाबाहेर निघून गेला. कोवळा हर्षल फेकायला आला, आणि कॉलनी मॅच जिंकली! तिथंच घोळ झाला. हरले असते तर गुलाब दुसऱ्या दिवशी केवलरामच्या दारात गेला असता. जिंकले, म्हणजे तत्त्व खरं ठरलं, आणि खरं बोलणाऱ्यानं कशाला कुणाच्या दारात जायचं? तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. रस्त्यात दिसले की एक जण गल्ली बदलायचा. कारण समोर आलं तर जयभीम करावा लागला असता, आणि जयभीमाला उत्तर न देणारा माणूस आमच्या कॉलनीत अजून जन्मला नाही.

तर असा हा तत्त्वाचा माणूस, आणि तत्त्व ह्याच्याच अंगावर उलटलं.

नोकरीत ठरावीक मुदतीनं डोळे तपासतात. ह्या खेपेला गुलाब नापास झाला. शुगरनं डोळ्याचा पडदा खाल्ला होता. शहरात सिविक सेंटरला जाऊन दाखवलं, तिथल्या डॉक्टरनंही तेच सांगितलं: जवळचं दिसेल, दूरचं नि अंधुक उजेडातलं नाही, आणि गेलेली नजर परत यायची नाही. यार्डात असा माणूस चालत नाही. पण रेल्वेनं काही हाकललं नाही. पगार तोच, काम हलकं. सोमवारपासून साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की आत जायचं, नाही वाजली की बसून राहायचं.

रुक्माचा जीव भांड्यात पडला. डब्यांच्या मधून रोज जिवंत घरी यायचा ह्याचंच तिला नवल होतं. गुलाबचा जीव मात्र थाऱ्यावर राहिला नाही. बसायचं? रिटायर होईस्तोवर? बसून पगार खायचा? अरे, मग तो तेरा सालवाला आणि मी, फरक काय राहिला? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पानठेल्यावर कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आठवडाभर त्यानं न्हाणी ते दार एवढ्या चकरा मारल्या की रुक्मालाच गरगरायला लागलं. शनिवारी त्यानं अर्ज लिहून टाकला: स्वखुशीनं नोकरी सोडतो.

रविवारी तिनं तो वाचला.

“डोकं फिरलं का तुमचं? हातचं सोडून कोठी पळून राह्यले?”

“जे दुसऱ्याले सांगतलं ते सोताले लागू नाही का? उद्याचं काम माह्याच्यानं होत नाही, मंग पगार कायचा?”

“कायचा?” रुक्मानं लाटणं खाली ठेवलं. “तुमीच सांगतलं होतं ना मले, तिकडं अमेरिकेत पहिली पाच-सहा सालं पोट्ट्यांले थोडक्यावर राबवतात, खरा खेळ तेव्हाच काढून घेतात? मंग मागून देल्लं तं ते उपकार हाये का? तुमी पावसात, उन्हात डब्याइच्या मधात घुसत होते, तेव्हा मी इथं देव नाही, दगड नाही, कोणाचं नाव घेऊ म्हणून बसत होती. त्या दिवसांचं हे देऊन राह्यले. घ्या गुमान!”

गुलाबनं चप्पल घातली. अर्ज खिशात कोंबला आणि निघाला. पाय कुठं चालले हे त्याला वळणावर कळलं. केवलरामच्या क्वार्टरकडं.

केवलराम अंगणात कूलरचा पंखा खोलून बसला होता. गुलाबला दुरून नुसता माणूस दिसला, ओळख जवळ गेल्यावरच पटली. गल्ली बदलायची सोय आता नव्हती.

“जयभीम, केवल.”

पाना केवलरामच्या हातातच राहिला. दोन वर्षांचा राग तोंडावर सगळा उभा होता. पण जयभीम तो जयभीम.

“जयभीम,” तो म्हणाला. “बोल.”

“एक विचाराले आलो. तुलेच विचारू शकतो, कावून की तुले मी काढलं. मले हलकं काम देऊन राह्यले. बसून पगार. माह्याच तत्त्वानं पाह्यलं तं मी निंगाले पाह्यजे का नाही? अर्ज लिवला हाये. उद्या देऊ का नको?”

“हलकं काम? कावून? का झालं तुले?”

“झालं काही.”

केवलरामनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग आत गेला आणि जुना बॉल, जुना ग्लव्ह घेऊन आला. ग्लव्ह गुलाबच्या अंगावर फेकला. “डबा सिक लाइनीत आला का मी आधी त्याले ठोकून पाह्यतो. बस तटी, भिंतीपाशी. प्लेट ठेव समोर, पांढरं काहीतरी.”

बेसबॉलमध्ये बॉल जिच्यावरून जावा लागतो ती जमिनीवरची पांढरी पाटी म्हणजे प्लेट. इथं पांढरं काय असणार? खिशात एकच गोष्ट पांढरी होती. गुलाबनं अर्ज उलगडून जमिनीवर अंथरला, वर गोटा ठेवला आणि मागं उकिडवा बसला. गुडघे करकरले. ऊन उतरलं होतं. अंगणाच्या त्या टोकाला केवलराम म्हणजे नुसता एक काळा डाग होता.

पहिला बॉल ग्लव्हात नाही, खांद्यावर बसला. 

“काबे? झोपला का?”

दुसरा कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. गुलाबचा हात हललाच नाही. केवलराम तिसऱ्यासाठी हात उचलता उचलता थांबला. हा तोच माणूस, जो आयुष्यात बॉल सुटू द्यायचा नाही. तो चालत चालत अगदी पुढ्यात येऊन बसला.

“डोळे?”

“शुगरनं खाल्ले. जवळचं दिसते.”

“टीमच्या पोट्ट्यांले माहीत हाये?”

“रुक्माले सोडून कोणालेच नाही. हर्षल बॉल टाकते, मी शाब्बास म्हणतो, नाही तं शिवी देतो. आवाजावरून. ग्लव्हात कसा पडला ते आयकलं का समजते कसा फेकला.”

“अन् चुकत नाही?”

“अजून तं नाही चुकलो.”

केवलराम हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मग बॉल त्याच्या नाकापुढं धरला. “लेका, डोळे गेले अन् कान राह्यला, तं तू कोच. अन् माहा खांदा गेला, तं मी? बोटं होती ना माही. डोकं होतं. बॉलावर बोटं कशी ठेवाची ते हर्षलले कोणी सांगतलं? कोणी नाही. म्हणून तो बारा बॉलांतच दमते. मी रोज डबे पाह्यतो, गुलाब. ब्रेक गेला तं ब्रेक बदलवतो, चाक गेलं तं चाक. अन् पुन्हा गाडीले लावून देतो. सिक लाइनीतून डबा बाहेर निंगते बे! तू सिक म्हणलं अन् मले भंगारात टाकलं. का गेलं, का राह्यलं, एकदा वाकून तरी पाह्यलं का?”

उठावं, चालायला लागावं असं गुलाबला फार वाटलं, पण समोर केवलराम बसला होता आणि त्याला ओलांडून जाता येत नव्हतं.

“नाही पाह्यलं,” तो म्हणाला. “हासले पोट्टे, अन् मले बी बरं वाटलं होतं तेव्हा.”

“माहीत हाये मले.”

मग केवलराम उठला, चारच पावलं मागं गेला आणि वळला. “आता आवाज देऊन टाकतो. आयकून पकड. आला!”

थप्प! बॉल ग्लव्हाच्या बरोबर मधात. 

“शिवणीवर बोटं आडवी होती तुही,” गुलाब म्हणाला.

“हो, आडवी होती. आला!”

थप्प. पुन्हा आला, पुन्हा थप्प. शेजारच्या बाया दारात येऊन पाहू लागल्या तरी ते दोघं थांबले नाहीत. थांबले तेव्हा अंधारून आलं होतं. गुलाबनं चाचपून अर्ज उचलला. मधात गोट्यानं भोक पडलं होतं, आणि बॉल उचलायला ये-जा करणाऱ्या केवलरामच्या चपलेचे ठसे त्याच्या सहीवर उमटले होते.

“हा देशील साहेबाले?” केवलरामनं विचारलं.

गुलाबनं तो चुरगाळून कूलरच्या कचऱ्यात टाकला.

घरी रुक्मा दारातच उभी होती. त्याच्या शर्टाला माती, खांद्यावर लाल वळ. “पडले का कोठी? अन् अर्ज?”

“त्याच्यावर केवलनं बॉल टाकले.”

“केवलभाऊनं?” तिनं त्याच्या खांद्यावरची माती झटकली.

“उद्या भाकर जास्तीची बांध,” गुलाब चप्पल काढत म्हणाला. “दुपारी केवल येते म्हणे ऑफिसात, स्टुलापाशी. हर्षलच्या बोटांचं ठरवाचं हाये. बसून खाऊ.”

“बसून?” रुक्मानं विचारलं.

“हो ना,” गुलाब म्हणाला. “बसून.”