बांधापलीकडचे आकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गुंजवण्याजवळच्या त्या नकाशात कोपऱ्यातलं खाचर उंचावर दिसलं, ते माझ्यामुळे.

भोरमध्ये मी आणि माझा भागीदार जमिनीच्या चढ-उताराचे नकाशे करतो. तो शिवारात फिरून जागोजागी उंची मोजतो. त्या विखुरलेल्या आकड्यांवरून मी संगणकावर चौकटींची जाळी बांधतो. जिथं मोजलेलं नाही, तिथं संगणक आजूबाजूचं बघून अंदाज करतो. कडेला मात्र त्याला एकाच बाजूला शेजार असतो, मग तो आहे तोच चढ पुढं रेटतो. म्हणून हद्दीबाहेरचेही थोडे आकडे लागतात.

आणि आमच्याकडं दुसऱ्याच्या बांधावर पाय पडला की भांडण. मोजणारे बांधाशीच थांबतात. हा थांबायचा नाही. आधी पलीकडच्याच्या ओसरीवर चहा, मग त्याच्या बांधावर. "पावणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाई," असं लोक त्याला म्हणत. मी एकटा गेलो तर "सायेब कुठं हायेत?" विचारत. साहेब म्हणजे तो.

गुंजवण्याजवळ बंधाऱ्याचं पाणी पाइपनं शेतांना न्यायचं होतं, त्यासाठी नकाशा. त्या खेपेला कोपऱ्यातल्या खाचरात चिखल आणि उभं भात. आत उंची मोजायची पट्टी उभी करता येईना, म्हणून त्यानं पलीकडच्या बांधावरचे आकडे आणले. "हे ठेव हां, नाहीतर कड फसेल," म्हणाला. हे त्याला मीच शिकवलं होतं, आणि आता तो मला सांगत होता.

आधी जाळी, मग हद्दीची कात्री, म्हणजे हद्दीबाहेरचं कापून टाकायचं, असा क्रम. हे माहीत असूनही मी कात्री आधी लावली. पलीकडचे आकडे गेले आणि नकाशात खाचर वर चढलं. बंधाऱ्याचं पाणी उतारानं तिथवर जाणार नाही असं ठरलं. पाइप अलीकडंच संपला.

खाचरवाल्या मावशी ऑफिसात आल्या. "पावसात समद्यांचं पानी माज्याच रानात, अन् उन्हाळ्यात म्या डोंगरावर व्हय?"

तो माझ्याकडं वळला. "माझीच पट्टी चुकली का रे?"

"असेल," मी म्हणालो. आणि मला बरं वाटलं.

आपलेच पलीकडचे आकडे चुकले असं धरून तेव्हापासून तो बांध ओलांडत नाही. तरी वाटेत कुणी त्याला चहाला हाक मारली, की माझ्या पोटात अजून दुखतं.

मूळ आकडे माझ्याकडं आहेत. ते घालून नकाशा पुन्हा करायचा, मावशींच्या खाचरापर्यंत पाणी न्यायचं आणि पट्टी चुकली नव्हती हे त्याला सांगायचं, एवढं देणं माझ्याकडून राहिलंय.