पाटावरची बावीस मिनिटं

ही गोष्ट आमच्या गावात तुम्हाला कुणीही सांगेल, आणि रंगवून सांगेल – कारण ती रंगवली मीच. पण ती जशी घडली तशी अजून एकाही माणसाच्या कानावर गेलेली नाही. बायकोच्याही नाही. तुमच्यासमोर मला माईक धरायचा नाही, एवढंच.

मी सूत्रसंचालक आहे. कोपरगाव तालुक्यातली लग्नं, सत्कार, निरोप समारंभ – माईक माझ्याकडं. नवरदेवाच्या मामाला हसवतो, नवरीच्या आईला रडवतो आणि दोन्हींवर टाळ्या घेतो. पन्नाशी आली तसं कपाळ मागं सरकत गेलं. व्हिडिओत दिव्यांचा उजेड आधी माझ्या टकलावर पडायचा, मग नवरीवर. म्हणून गुपचूप पुण्याला जाऊन केस लावून घेतले. त्यासाठी डोकं भादरावं लागलं. आठवडाभर मेहुण्याकडं राहिलो, सैल टोपी घालून परतलो आणि सांगितलं – तिरुपतीला केस देऊन आलो. लाडूही वाटले. पुण्याच्या मिठाईच्या दुकानातले. इथवर गंमतच आहे, नाही का?

भानुदास माझा शाळेपासूनचा मित्र, प्राथमिक शाळेत मास्तर. त्यानं लाडू तोंडात टाकला, टोपीकडं बघितलं आणि म्हणाला, "बालाजीला द्यायला तुझ्याकडं हुतं तरी काय रे नाना?"

डॉक्टरांनी एक कागद दिला होता. चौथ्या दिवसापासून सावकाश चाला. घाम येऊ देऊ नका. वाकू नका, वजन उचलू नका, महिनाभर पळू नका. माझ्या मनगटावरचं घड्याळ छातीचे ठोके मोजतं. ते एकशे दहाच्या आत ठेवा म्हणाले. मी तो कागद पाठ केला. आयुष्यात कुठलंही भाषण इतकं पाठ केलं नसेल.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पाटाच्या कडेनं फिरायला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढं दीड किलोमीटरवर पहिली वस्ती. फिरताना मोबाईल न्यायचा नाही, हा भानुदासचा नियम. तो मला शाळेतलं काहीतरी सांगत होता आणि त्याचे शब्द बोबडे पडायला लागले. मला वाटलं, वर्गातल्या एखाद्या पोराची नक्कल करतोय. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तो बाभळीखाली बसला – बसला कसला, कलंडला. डोळे उघडे होते. माझ्याकडं बघत होता.

"आलोच पळत," मी म्हणालो.

आता इथं – इथं मी नेहमी सांगतो की चप्पल निसटली, तळव्यात काटे घुसले, तरी थांबलो नाही. ऐकणारे डोळे पुसतात.

मी पळालो नाही.

मी चाललो. पहिल्या वळणापर्यंत पावलं भराभर पडली, मग टोपीखाली घाम आल्यासारखं वाटलं – वाटलं म्हणतो, कारण ऑपरेशननंतर डोकं बधिर होतं, तिथं काही कळतच नव्हतं. घड्याळात बघितलं. एकशे अठरा. पाय सैल सोडले. आकडा उतरला. पुन्हा चढला की पुन्हा पाय सैल. मित्र मागं मातीत पडला होता आणि माझ्या मनात काय चाललं होतं? तुम्हाला वाटेल, घालमेल असेल. नव्हती. काहीच नव्हतं. मी आकडा बघत होतो.

बावीस मिनिटं. घड्याळानं ती नोंदवली, वर आजचा व्यायाम छान झाला म्हणून शाबासकीही दिली.

वस्तीच्या अंगणात माणसं दिसली तेव्हा शेवटची पन्नासेक पावलं मात्र पळालो. ती बघत होती ना. धापाही टाकल्या.

त्यांनी टेम्पो काढला. बाभळीखाली दोघांनी त्याला उचललं, एकानं डोकं सावरलं. मी वाकलो नाही. टोपीवर हात ठेवून उभा राहिलो.

जीव वाचला. उजवा हात गेला – ज्या हातानं तो रोज फळ्यावर सुविचार लिहायचा, तो. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. थोडं म्हणजे किती? मी विचारलं नाही.

महिन्याच्या तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा मात्र विचारलं, सहज विचारल्यासारखं – बाराव्या दिवशी कुणी एखादवेळी पळालाच तर? ते डॉक्टर हसले. "एकदा पळाल्यानं काय होतंय हो? मुळं धरलेली असतात तोवर. रोज मैदानावर जाऊ नका, म्हणून लिहितो आम्ही."

पुढच्या आठवड्यात शाळेत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. फेटा बांधणाऱ्याला हळूच म्हणालो, जरा सैल ठेव. मग माईक हातात आला आणि ती चप्पल पहिल्यांदा निसटली ती तिथं. सुमनवहिनी, भानुदासची बायको, सगळ्यांदेखत माझ्या पाया पडल्या. "भावजी, तुमी पळाले नसते तर हे आज दिसले नसते." भानुदास खुर्चीत होता. त्याला टाळी वाजवता येईना, म्हणून डाव्या हातानं मांडीवर थापा मारत होता. मी बघितलं. काही वाटलं नाही. पुढचं वाक्य बोललो.

या गोष्टीला आता वर्ष झालं. केस छान आलेत, दाट. गाव म्हणतं, नानाला बालाजी पावला. रोज संध्याकाळी मी भानुदासला अंगणात चालवतो. माझं पाऊल जरा पुढं पडलं की तो ओढल्या जिभेनं म्हणतो, "सावकाश रे. तुला काय, पळायची सवय."

गेल्या आठवड्यात चालता चालता थांबला. म्हणाला, "मला बी ने तिरुपतीला. तुझे केस आले. माझा हात येईल."

जाऊ, म्हणालो. तिकिटं काढली आहेत.

परवा सकाळी त्या बाभळीपासून वस्तीपर्यंत पळून बघितलं. आता मला सगळ्याची परवानगी आहे. नऊ मिनिटं लागली. घाम केसांतून कपाळावर उतरला, तो पुसला आणि चालत घरी आलो.