मेख हलवून बघणारा सिद्धू

जत तालुक्यात पाणी कमी आणि राग मुबलक. त्यातला मोठा वाटा एकट्या सिद्धूकडे होता. तो उन्हावर चिडायचा, बाभळीवर चिडायचा, आणि चिडायला काही उरलं नाही की स्वतःचा फेटा सोडून तणतणत पुन्हा बांधायचा. मात्र त्यानं दातांतून शीळ घातली की अख्खा कळप माना वर करून त्याच्यामागं निघे. दिवाळीनंतर मेंढरं कृष्णाकाठी न्यायची, तेव्हा कळपाच्या पुढं चालण्याचा मान त्या शिळेमुळं त्याचा.

अठ्ठ्याहत्तर साली त्याच्याच लाडक्या एडक्यानं त्याला टक्कर दिली आणि वरचा समोरचा दात मुळासकट गेला. आता शीळ घातली की नुसती हवा. मेंढरं मान न उचलता चरत राहायची.

"कोरड्या पंपागत फुसफुसतोयास की रं," मेहुणा अर्जुना म्हणाला. "औंदा म्होरं मी चालतो. तू लंगडी मेंढरं घिऊन मागनं ये."

सिद्धूनं काठी उगारली. अर्जुना पळाला, पण त्याचं बोलणं तिथंच राहिलं.

बायकोनं, धोंडुबाईनं, त्याला मिरजेला नेलं. तिथले एक दातांचे डॉक्टर परदेशात नवी विद्या शिकून आले होते आणि त्यांना जबडा देणारा कुणी भेटत नव्हता. सिद्धूला बघून ते हरखलेच. जबड्यात धातूचा बारीक स्क्रू बसवून म्हणाले, "आता याला विसरा. हाड हळूहळू वाढेल, स्क्रूला गच्च धरेल. मग त्यावर दात."

विसरा! रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याच्या मेखा हलवून बघितल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला हे सांगायचं? सिद्धू रोज संध्याकाळी जमिनीतल्या मेखा हलवून झाल्या की तोंडातलीही हलवायचा. ती डुगडुगायला लागली, तेव्हा त्याला राग आला आणि त्यानं आणखी जोरात हलवली. दिवाळीच्या तोंडावर ती भाकरीबरोबर बाहेर आली.

"डाक्टर, तुमचं हाड काय धरत न्हाई!" तो दवाखान्याच्या दारातूनच गरजला.

"तुम्ही हलवलात?"

"आवं, हलवल्याबिगर कळायचं कसं, बसलीया का न्हाई?"

"रोज?"

"तर! कामात कसूर न्हाई आपल्या."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "स्क्रू हलत राहिला की हाड जवळ येतच नाही! मधे मऊ मांस भरतं. विसरा म्हणालो होतो ना?"

"इसरा म्हनला. हलवू नगो, असं कुटं म्हनला?"

दोघंही खरं बोलत होते, त्यामुळं भांडण लांबलं. शेवटी डॉक्टर ओरडले, "जखम भरू दे. पुढच्या खेपेला स्क्रू आत पुरतो आणि वरून हिरडी शिवतो. बघू काय हलवता!"

"त्वांडबी शिवता आलं तर बघा," धोंडुबाई म्हणाली.

त्या साली सिद्धू कळपाच्या मागं, धूळ खात, शिव्या देत चालला. परतल्यावर हिरडीखाली दुसरा स्क्रू पुरला गेला. बोटाला धरायला काही सापडेना, म्हणून तो चिडून वाघरीच्या मेखाच दोनदा उपटून ठोकू लागला. पावसाळा असाच गेला. मग डॉक्टरांनी हिरडी उघडली आणि सळईनं स्क्रूवर हलकेच टकटक केलं. टण् आवाज आला.

"बसली!" सिद्धू खुर्चीतून ओरडला. खडकात गेलेली मेख अशीच वाजते.

नवा दात लागला. निघायच्या सकाळी अर्जुना तोऱ्यात पुढं उभा होता. सिद्धूनं शीळ घातली. सगळ्या माना वर झाल्या, कळप वळला. सर्वांत आधी आला तो लाडका एडका, मान खाली घालून, धावत.

सिद्धूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि अर्जुनाला ढकलून कृष्णेच्या दिशेनं धूम ठोकली. मागं एडका, एडक्यामागं अख्खा कळप.

"आरं मुडद्या," हातांआडून त्याची बोंब येत होती, "त्वांड सोडून कुटंबी मार!"