गंगव्वाच्या सहा शेळ्या

गंगव्वा मूळची चिकोडीकडची. या कानडी शहराच्या जयनगरात नवी घरं उठू लागली तेव्हा तिचा नवरा बसवंत दगड फोडायला इथे आला आणि त्याच्यामागे ती. दोन वर्षांत त्याच्या पायावर धोंडा पडला. पाय राहिला, पण कामाचा राहिला नाही. तेव्हापासून घर शेळ्यांवर. एकीच्या सात झाल्या. आमच्या वसाहतीत ज्या घरी तान्हं मूल किंवा दुखणेकरी, त्या घरी सकाळी सातच्या आत गंगव्वाचं दूध. "दूध" अशी हाक तिनं कधी मारली नाही. "अक्का, जाग्या हायसा का अजून झोपलायसा?" असं विचारायची, आणि मी पूजेला बसलेली दिसले की मुद्दाम मोठ्यानं.

सत्तावन्न सालच्या श्रावणात तिची एक शेळी मेली. आधी केस राठ झाले, मग हागवण लागली, मग जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. गंगव्वानं काळा दोरा बांधला, मिरच्या ओवाळल्या. आठ दिवसांत चंद्री नावाच्या शेळीला तशीच सूज.

मी म्हटलं, "अगं, पोरांना जंत झाले की आपण वावडिंग देतो. दृष्ट काढून कधी जंत पडतात का?"

"शेळी म्हंजे काय तुमचं पोर हाय?" ती फणकारली. पण घाबरली होती. लालबागेपलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात जायला तयार झाली, तेही मी बरोबर आले तर. डॉक्टर भेटायचे सोमवारी. आणि माझा तर मुका सोमवार. आंघोळीपासून संध्याकाळी व्रत सोडेपर्यंत शब्द काढायचा नाही. देवाला मनात विचारलं. बोलायला बंदी आहे, चालायला नाही, असं ठरवून निघाले.

वाटेत सहाही शेळ्या हाकताना गंगव्वाला ऊत आला होता. "आज बरं झालं! मी बोलायचं, अक्कानं ऐकायचं. असा सोमवार रोज येऊ दे रे देवा!"

डॉक्टर सुधींद्र तरुण होते. त्यांनी चंद्रीची पापणी उलटून दाखवली. आतून कागदासारखी पांढरी. गंगव्वाशी ते कन्नडमध्ये बोलले, की पोटात केसाएवढे बारीक जंत आहेत, ते रक्त पितात.

"चारायला कुठे नेतेस?"

"तळ्याकाठी. उजाडायच्या आत. चरून आल्या की धार काढायची, म्हंजे सातला दूध पोचतं."

"तिथंच चुकतं. गवत ओलं असतं तेव्हा जंतांची पिल्लं पात्यांवर चढून बसतात. दंव सुकल्यावर सोड त्यांना."

मग हिरवट पूड पाण्यात कालवून त्यांनी सहाही शेळ्यांना बाटलीनं पाजली. तेवढ्यात दोघी दावं सोडवून दवाखान्याच्या बागेत घुसल्या आणि गंगव्वा शिव्या देत त्यांच्यामागे धावली. डॉक्टर मला म्हणाले, "अम्मा, या औषधानं तीन-चार दिवस लघवी लाल होईल, दूधही गुलाबी दिसेल. घाबरायचं नाही. ते दूध मात्र कुणाला द्यायचं नाही. तिला सांगा."

मी मान डोलावली.

परतताना मी खुणेनं सांगितलं. कपाळाच्या कुंकवावर बोट ठेवलं, मग शेळीकडे, मग तिच्या शेपटीकडे केलं, आणि काळजी नको म्हणून हात हलवला. "कळ्ळं अक्का, कळ्ळं!" ती म्हणाली. मी निश्चिंत मनानं घरी आले.

मंगळवारी दूध आलं नाही. नऊ वाजले तशी मी तिच्या खोपटाकडे गेले. सहाही शेळ्या ओळीनं बांधलेल्या, प्रत्येकीच्या कपाळावर आणि शेपटीशी कुंकू. पलीकडे शेळ्यांचा व्यापारी दोर घेऊन उभा. गंगव्वा जमिनीवर बसली होती.

"तुम्ही सांगितल्यागत कुंकू लावलं अक्का. तरी रगत मुतायला लागल्या. दुधातबी रगत. देवीनं कुंकू घेतलं न्हाई."

बाजेवरून बसवंत म्हणाला, "आज सहा हायत. उद्या किती असतील? मेल्यावर कोण नेणार? जाऊ देत आजच."

"अगं, थांबा! रक्त नव्हे ते. औषधाचा रंग आहे, तीन-चार दिवसांत जाईल; तोवर दूध तेवढं कुणाला द्यायचं नाही. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं."

गंगव्वा माझ्याकडे बघतच राहिली. "मग काल का न्हाई बोललीस?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडी 'तू' आलं.

"सांगितलं की. कुंकू दाखवून."

आधी हसला बसवंत. खोकला येईपर्यंत हसला. व्यापारी कंटाळून म्हणाला, "देतीस का नाही ते बोल."

गंगव्वा हसली नाही. उठली. वाटीतलं गुलाबी दूध तिनं हुंगलं, जिभेला लावून थुंकलं. मग एकेका शेळीजवळ बसून रवंथ चाललंय का ते पाहिलं. पाच जणी करत होत्या, चंद्री नव्हती.

"चार दिवस थांबते," ती व्यापाऱ्याला म्हणाली. "दूध पांढरं झालं न्हाई, तर ये."

त्यानं दोर गुंडाळला.

ते चार दिवस रोज दिवा लावताना एकच मागणं होतं: माझ्या व्रतापायी कुणाच्या पोटावर पाय यायला नको. गंगव्वा रोज धार काढून दूध झाडाच्या मुळाशी ओतत होती. शनिवारी सकाळी तिनं दारात लोटी पुढे केली. दूध पांढरं होतं. मी लोटी तशीच देवापुढे नेऊन ठेवली.

चंद्रीची सूज उतरायला गणपती उजाडले. पण उतरली. ती माझ्या कुंपणाची मेंदी ओरबाडत होती, तरी मी तिला हाकललं नाही.

आता शेळ्या दंव सुकल्यावर सुटतात, म्हणून दूध दहाला येतं. शेजारच्या हेमलताबाई चिडल्या, "गंगव्वा, आमच्या बाळाला सातला भूक लागते!"

"जंतांनाबी सातलाच लागती वैनी. बाळाला स्वल्प दम धरायला शिकवा, जंत काय माझं ऐकत न्हाईत."