टेप चालू असताना उठायचं न्हाई

पंचफुलाबाईंवर लिवायलोय म्हणल्यावर जो तो मला इचारायलाय, "गुरुजी, तुमी? तुमचं आन् त्यांचं तर कधी पटलंच न्हाई!" अरे बाबांनो, न्हाई पटलं म्हणूनच लिवायलोय. पटणाऱ्यांनी त्यांच्या निरोपाला हार घातले, भाषणं ठोकली, चहा पिऊन घरी गेले. त्या बाईचा जीव कशात होता ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक न्हाई. कारण तिथंच घाव घालायला निघालेला माणूस मी होतो. मी, दिनकरराव, पहिली-दुसरीचा मास्तर.

साल सत्त्याऐंशी. ताडकळसपासून तीन कोसावर आमचं गाव. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार आन् मास्तरबी दोनच. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची आन् तिथं मास्तर टिकायचा न्हाई. एक आला, तीन महिन्यात बदली करून पळाला. दुसरा रुजू व्हायलाच आला न्हाई. मंग आल्या पंचफुलाबाई. बारीक अंगाच्या, खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. रोज ताडकळसहून एसटीनं फाट्यापर्यंत यायच्या, तिथून पायी. गावात त्यांना खोली कुणी दिली न्हाई. त्या बौद्ध, आन् दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलायचं का न्हाई यावरून चांगली चांगली माणसं एकमेकांचं तोंड बघंना झाली होती. बाई बदलायचं म्हणणाऱ्या, मी बदलू नये म्हणणारा. खोटं कशाला बोलू?

बाईंचं बोलणं कमी. पण एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी आपणहून सांगितलं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या, याच नामांतराच्या दंगलीत त्यांचं सोनपेठकडचं घर जळालं. बाप, आश्रुबा, शेतमजूर माणूस. त्यानं धान्याचं पोतं सोडलं आन् पोरीचं दप्तर काढायला आत घुसला, पण दप्तर काही हाती लागलं न्हाई. दहावीचं साल. बाजारात एका चहाच्या हाटेलात रेडिओ होता. त्यावर शाळंचे कार्यक्रम लागायचे. ही पोरगी हाटेलाच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकायची आन् कागदावर उतरून घ्यायची. "मला कुणी शिकवलं न्हाई गुरुजी," त्या म्हणाल्या, "मी ऐकून शिकले. पण रेडिओ थांबत न्हाई ना. एक वाक्य निसटलं की गेलंच." मी 'हं' म्हणलं आन् पान लावत बसलो.

पुढच्याच महिन्यात बाईंनी टेपरेकॉर्डर आणला. स्वतःचा. पिशवीत धडुत्यात गुंडाळून, लेकरावाणी छातीशी धरून.

मला वाटलं, झालं, आता बाई भीमगीतं लावणार! पण तसलं काही न्हाई. घरी बसून त्यांनी तिसरी-चौथीचे धडे आपल्याच आवाजात कॅसेटीत भरले होते. तिसरीला शिकवायच्या तवा चौथी टेप ऐकायची, चौथीला शिकवायच्या तवा तिसरी. टेपला हात लावायचा तो पोरांनीच. बटन दाबा, ऐका, थांबवा, वहीत लिवा, न्हाई समजलं तर फीत मागं घ्या. मागं घ्यायला सेल जळतेत म्हणून कॅसेट काढून पेन्सलीवर गरगर फिरवायची. सेल मऊ पडले की खिडकीत उन्हाला ठेवायचे. हे सगळं दहा वर्षांची लेकरं करायली होती. आन् आमच्या गावात तवा मोठ्या माणसालाबी रेडिओला हात लावायची छाती न्हवती, घरचा धनी काय लावील तेच ऐकायचं.

एक कॅसेट तर निराळीच होती. तिच्यात धडाच न्हवता, सगळे पोरांचे सवाल होते. ज्याला जो सवाल पडंल त्यानं लाल बटन दाबून तो आपल्या आवाजात भरायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई टेप आन् ती कॅसेट घेऊन परभणीला जायच्या. कुठं कॉलेजातला प्राध्यापक गाठ, कुठं गुराचा डॉक्टर गाठ, आन् सोमवारी उत्तर त्या माणसाच्याच आवाजात आणायच्या. "बैल रवंथ करतो मंग माणूस का करत न्हाई?" पंडितच्या या सवालाचं उत्तर मी सोता भिंतीआडून ऐकलं. बरं वाटलं. आन् बरं वाटलं म्हणून मला राग आला.

त्या वर्गाचा एक दस्तूर होता. टेप चालू असताना कुणी आलं तरी उठायचं न्हाई. "कलेक्टर आला तरी न्हाई," बाईंनी बजावलं होतं. आता सांगा! आमच्याकडं मास्तर दिसला की खाटंवरचा म्हातारा उठतो. मी एक दिवस खडू मागायला त्या खोलीत गेलो. टेप चालू होता. बावीस पोरं बसलेली, सगळी माझ्याच हाताखालून गेलेली, माझ्या हातच्या छड्या खाल्लेली. एकानं मान वर केली न्हाई. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. खडू न घेताच माघारी फिरलो आन् त्याच दुपारी बिनसहीचा अर्ज लिवला. बाई वर्गात कॅसेटी लावून बसून राहतात. शिकवत नाहीत. वडीलधाऱ्यांचा मान ठेवू नका असं मुलांना शिकवतात. सबब बदली व्हावी. चिटोऱ्यावर न्हाई, चांगल्या फुलस्केपवर लिवला.

बदली म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईंना कुठंबी नोकरी मिळाली असती. पण ही पोरं पुन्हा मास्तराची वाट बघत बसली असती, आन् तो टेप कायमचा धडुत्यात गेला असता. बाईंच्या हयातीचा हट्टच तेवढा होता.

तपासणीला विस्तार अधिकारी आले ते फेब्रुवारीत. रात्री शेजारच्या गावाला मुक्काम करून, सकाळी फटफटीवर. नेमकं त्या दिवशी कुठंतरी रास्ता रोको झाला होता आन् एसटी बंद होती. मला ते गावात सकाळीच कळलं होतं. साहेबाला ठाऊक न्हवतं.

"बाई कुठे आहेत?" साहेबांनी इचारलं.

"आल्या न्हाईत," मी म्हणलं. एवढंच. एसटीचं काही बोललो न्हाई. माझ्या मनात लाडू फुटायले होते, काय सांगू! बिगर रजेची गैरहजेरी, वरून तक्रार. बाईंचा निकाल लागल्यातच जमा होता.

साहेब तिसरी-चौथीच्या खोलीत शिरले, मी मागं. तिसरी पाट्यांवर गणितं करायली होती. चौथी टेपभोवती गोल करून बसलेली, मधी कडूबाई नावाची पोरगी, बटनावर बोट ठेवून. कुणी उठलं न्हाई. "एक साथ नमस्ते" न्हाई, काही न्हाई. साहेबांचं तोंड लालभडक झालं. खिशातून त्यांनी माझा अर्ज काढला आन् उघडून पुन्हा वाचला. मी खाली मान घालून उभा, आतून खुशीत.

साहेब रागानं खिडकीकडं वळून उभे राहिले. तेवढ्यात टेपातून बाईंचा आवाज आला, "खिडकीबाहेर काय बघायलास? इकडं बघ!" साहेब दचकून सरळ झाले. सगळी पोरं तोंड दाबून हसायली. ते बोल होते पंडितला. हा एक धडा बाईंनी शाळा सुटल्यावर वर्गातच भरला होता, पंडित समोर बसलेला, तवा त्याच्यावर टाकलेली हाळी तशीच फितीत राहिली होती. पंडित रोज तो धडा ऐकायचा आन् रोज त्या जागी ताठ बसायचा. आजबी बसला.

धडा संपला. कडूबाईनं बटन दाबून टेप बंद केला, तशी सगळी पोरं खाडकन उठली. "नमस्ते साहेब!"

"आत्ता? मघाशी काय झालं होतं?"

"टेप चालू होता साहेब," कडूबाई म्हणाली. "मधीच तोडलं की परत पहिल्यापासून ऐकावं लागतंय. सेल जळतेत."

साहेब म्हणाले, "बरं. लय शहाणे दिसता. मग सांगा, चंद्रग्रहण पौर्णिमेला लागतं. तर दर पौर्णिमेला का लागत नाही?"

खरं सांगतो, उत्तर मलाबी येत न्हवतं. मी मनात म्हणलं, आता बसा बोंबलत. पण पोरं घाबरली न्हाईत. एकमेकांकडं बघून कुजबुजली, दोघांनी पुस्तक चाळलं, आन् कडूबाई म्हणाली, "आमाला येत न्हाई. सवाल चांगला हाय. थांबा, भरून घेते." तिनं सवालांची कॅसेट घातली, टेप उचलून साहेबांच्या तोंडापुढं धरला आन् लाल बटन दाबलं. "परत सांगा."

तालुक्याच्या साहेबानं चौथीतल्या पोरीचं ऐकून सवाल परत सांगितला.

"आता उत्तरबी सांगा," कडूबाई म्हणाली. "म्हंजे बाईंची परभणीची चक्कर वाचंल."

फीत फिरायली होती. पोरं डोळं लावून बसलेली. साहेब म्हणाले, "मलाही नक्की ठाऊक नाही." आन् हसले. मोठ्या माणसाला असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या पेशात कुणी म्हणत न्हाई. मी तर वीस वर्षांत म्हणलो न्हवतो.

साहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी पोरांच्या वह्या बघितल्या, मंग माझा अर्ज हातात घेऊन माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुम्ही शेजारच्या खोलीत असता. यात लिहिलंय ते खरं की खोटं?"

कडूबाईला अजून उत्तर मिळालं न्हवतं, म्हणून तिनं लाल बटन सोडलंच न्हाई. टेप माझ्यापुढं आला. ती पोरगी माझ्याकडं अशी बघायली, की हे गुरुजी आता काहीतरी चांगलं सांगणार. दोन वर्षं मी तिला अक्षरं गिरवायला लावली होती. खोटं बोललो तर ते फितीत राहणार, आन् सोमवारी ही सगळी गोल करून ऐकणार.

"खोटं हाय," मी म्हणलं. "तो अर्ज मीच लिवलाय. आन् आज एसटी बंद हाय, तेबी मी लपवलं. बाई वाटंवर असतील. पायी येत असतील." कसं निघालं तोंडातून, मलाच कळलं न्हाई.

साहेबांनी अर्ज चार तुकडे करून खिशात घातला. आन् पुन्हा पोरांच्या वह्या बघायला बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाई आल्या तवा एक वाजून गेला होता. ताडकळसपासून पायी. एका चपलेचा पट्टा तुटलेला, ती हातात. पायाला फोड. दाराशी येऊन थांबल्या. आत चौथीनं दुपारचा धडा लावला होता, त्यांचाच आवाज चालू होता. एका पोरानं वर बघितलं न्हाई. उठलं एकच माणूस, साहेब. खुर्ची मागं सारून ते उभे राहिले.

"साहेब, एसटी..." बाई धापा टाकत म्हणाल्या.

"गुरुजींनी सांगितलं," साहेब म्हणाले. "बसा. तुमचा वर्ग चालू आहे."

बाई उंबऱ्यावरच बसल्या. पोरांकडं बघायल्या. रडतेत का हसतेत ते मला कळंना. मंग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "गुरुजी, बघा, मी आले ते कुणाला कळलं बी न्हाई." एवढं सुख मी त्या बाईच्या तोंडावर आधी कधी बघितलं न्हवतं, पुढं बी न्हाई.

साहेबांनी तपासणीच्या वहीत शेरा लिवला, "शिक्षिका पायी आल्या. वर्ग चालू होता." बदलीचं नाव पुन्हा निघालं न्हाई.

टेप आन् सवालांची कॅसेट बाई त्या दिवशी घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मला तोंड दाखवायची लाज वाटायली होती. त्या सरळ माझ्या खोलीत आल्या आन् म्हणाल्या, "गुरुजी, ग्रहणाचं उत्तर आणायचंय. माझे पाय सुजलेत. या शनिवारी तुमी जा."

गेलो. परभणीला एका प्राध्यापकाच्या घरी दोन तास बसलो. त्यांनी बायकोच्या दोन बांगड्या घेतल्या, एकीत एक घातली आन् आतली जराशी तिरपी केली. बाहेरची पृथ्वीची वाट, आतली चंद्राची, अशी तिरपी. दर पौर्णिमेला तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून न्हाई तर खालून निघून जातो, कधीमधीच सावलीत सापडतो. पंचेचाळीसाव्या वर्षी मला कळलं. येताना एसटीत मी सोताशीच बांगड्या फिरवत बसलो होतो, कारण त्या मी मागून आणल्या होत्या.

सोमवारी बाईंनी सवालांची कॅसेट पेन्सलीवर फिरवली, जराशी लावून ऐकली, पुन्हा फिरवली. साहेबांचं "मलाही नक्की ठाऊक नाही" आलं आन् त्यांनी टेप थांबवला. "हे राहू द्या, पोरांनी ऐकावं असं हाय. इथून पुढं भरा, गुरुजी."

मी हात मागं घेतला. "बाई, इथून पुढं माझं... ते अर्जाचं हाय."

"ठाऊक हाय. ऐकलंय मी."

"मंग?"

"मंग काय? यावर भरलं की ते पुसून जातंय. फीत कमी हाय, गुरुजी. चंद्र सांगा." आन् लाल बटन त्यांनी आपल्या हातानं दाबलं.

मी सांगितलं. बांगड्या हातात धरून सांगितलं. आवाज थरथरायला होता, तो तसाच फितीत गेला.

पुढच्या आठवड्यात मी खडू मागायला त्यांच्या खोलीत गेलो. टेप चालू होता, आत माझाच आवाज. चौथी गोल करून बसलेली, मधी दोन बांगड्या. कुणी उठलं न्हाई. मी दारात उभा राहिलो, धडा संपेपर्यंत.