वीसपैकी अठरा

तिची नोकरी माझ्यामुळे गेली. एवढं एक वाक्य लिहायला मला आठ महिने लागले. आधी बाहेर सांगितलं की त्या बाईचा कोर्स संपला. मग स्वतःला सांगितलं की परीक्षाच अवघड होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्हींचा मी लपायला उपयोग केला.

मी रिसोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर इंग्रजी शिकवतो. बावीस वर्षं झाली. कायमची जागा निघेल निघेल म्हणता केस पिकले. दुपारी तीनला मी मोकळा होतो. बंगळूरची एक कंपनी इंग्रजीचे मास्तर शोधते आहे असं कळलं. शिकणारे सगळे चिनी बोलणारे, तैवान-मलेशियाकडचे, नोकरीतले मोठे लोक. त्यांना लागतं ते व्यापाराचं इंग्रजी. मी कोणत्याही व्यापारी कचेरीत कधी खुर्चीवर बसलेलो नाही. व्यापार म्हणून जवळून पाहिला तो बाजार समितीतला सोयाबीनचा लिलाव. तरी माझी निवड झाली. कोटेशन, शिपमेंट, लीड टाइम, रिमाइंडर हे शब्द मी सकाळी शिकायचो आणि दुपारी साडेचारला शिकवायचो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असत. माडीवरच्या खोलीत, मागे पांढरी चादर टांगून, इस्त्रीच्या शर्टाखाली लुंगी नेसून मी जगाच्या व्यापारावर बोलायचो.

ती तैवानची होती. वय सेहेचाळीस. शिलाई मशिनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात परदेशी ऑर्डरींचं टेबल सांभाळायची. एकोणीस वर्षं तिनं ते लेखी सांभाळलं. पत्र आलं की यंत्राकडून चिनीत करून घ्यायची, उत्तर चिनीत लिहून यंत्राकडूनच इंग्रजी करायची. एकही ऑर्डर चुकली नव्हती. मग मालकाचा मुलगा साहेब झाला आणि म्हणाला, यापुढे गिऱ्हाइकाशी स्क्रीनवर बोलायचं. सगळ्यांची बोलण्याची परीक्षा होईल. जमेल तो टेबलावर राहील, न जमेल त्याचा हिशोब करून त्याला घरी पाठवू. तिच्या घरी म्हातारी आई होती आणि कमावणारी ती एकटी.

हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून आणलं होतं, ते वाचून दाखवलं. तिचं इंग्रजी तुटक होतं. इथं मराठीत लिहितोय तेही तसंच येईल. शेवटी तिनं कागद खाली ठेवला आणि न वाचता म्हणाली,

"टीचर, मला माझी खुर्ची पाहिजे."

तिच्या साहेबानं एक सवलत ठेवली होती, आणि माझं सगळं पाप त्या सवलतीत आहे. ज्याचा शिक्षक लिहून देईल की अजून वेळ हवा, त्याची परीक्षा सहा महिन्यांनी. तेही तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शब्दांमध्ये ती मला भारी होती. आठवड्याला चाळीस शब्द दिले तर चाळीसच्या चाळीस पाठ, स्पेलिंगसकट, प्रत्येकाचं एक वाक्य. पण यादीबाहेरचा प्रश्न टाकला की ती थांबायची. नुसती अडखळायची असं नाही. पूर्ण थांबायची. डोळेसुद्धा हलायचे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं आपलं नेट गेलं, मी खाली जाऊन डब्याचे दिवे पाहून आलो. वर आलो तरी ती तशीच. मग हळूच म्हणाली, "सॉरी टीचर." मी उत्तर सांगितलं. तिनं ते जसंच्या तसं म्हटलं. मी म्हणालो, "व्हेरी गुड."

हे व्हेरी गुड माझ्या तोंडात कुठून आलं ते मला चांगलं माहीत आहे.

बारावीच्या इंग्रजीला वीस मार्क तोंडी असतात. एकेका पोराला समोर बसवायचं, दोन-चार प्रश्न विचारायचे, त्याचं बोलणं ऐकायचं आणि मार्क द्यायचे. मी नवीन होतो तेव्हा खरंच बसलो होतो ऐकायला. पहिली पोरगी आली, नाव विचारलं तर ओढणीचं टोक चावत उभी राहिली. तेवढ्यात आमचे मोठे सर आत आले.

"काय करून राह्यले, सर?"

"तोंडी घेतोय."

"अवो, कायले त्या लेकरायले घाम फोडता! आन् सोताले बी? अठरा टाका, चहा सांगा. जे जरा बरं दिसते त्याले एकोणीस."

"ऐकायचं नाही?"

"आयकून काय भेटनार हाये? तुमाले म्हाईत हाये ते काय बोलतीन ते. लेकरू पास झालं पाह्यजे. का तुमाले त्याचं वर्स खायचं हाये?"

ती पोरगी सुटल्यासारखी हसली. मीही हसलो. तेव्हापासून मी यादी समोर घेतो आणि अठरा, अठरा, एकोणीस, अठरा, मधे एखादा सतरा, म्हणजे खरं वाटावं, असं भरत जातो. यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नाही. पोरं खूश, आईबाप खूश. माझ्या हातून अशी शेकडो पोरं इंग्रजी बोलण्यात उत्तम ठरून बाहेर पडली, आणि त्यांच्यातल्या एकाचाही आवाज मी ऐकलेला नाही.

आता आकड्यांचं सांगतो, कारण तिथं मी नुसता आळशी नव्हतो, लबाड होतो.

कोर्समध्ये मोठ्या आकड्यांचं एक प्रकरण होतं. गिऱ्हाईक फोनवर नगांची संख्या सांगतं, ती ऐकून लगेच परत म्हणून दाखवायची. चिनी बोलणारे दहा हजाराच्या गठ्ठ्यानं मोजतात, हे मला तिनंच सांगितलं. आपण बारा लाख म्हणतो, तिच्या डोक्यात ते एकशे वीस गठ्ठे असतात, आणि इंग्रजीत ते वन पॉइंट टू मिलियन होऊन येतात. तिला गठ्ठ्यांतून बाहेर यावं लागायचं, मला लाखांतून. मी पुस्तकातला आकडा मोठ्यानं वाचायला घेतला आणि मीच अडकलो. मिलियन म्हणजे दहा लाख, मग पॉइंट टू म्हणजे... टेबलाखाली बोटं मोजत बसलो. ती पेन घेऊन वाट पाहत होती. मास्तरला येत नाही हे तिला कळलं तर, या भीतीनं माझ्या मानेला घाम आला.

"हे सोपं आहे," मी म्हणालो. "हे तुमचं तुम्ही घरी करा. पुढचं पान."

तिनं मान हलवली. पुढच्या आठवड्यात तिनंच विचारलं, "टीचर, नंबर?" मी म्हणालो, "नंतर." त्याच्या पुढच्या आठवड्यातही विचारलं. मग विचारणं सोडलं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले असताना बंगळूरच्या कंपनीचा फॉर्म आला; तोच पुढे तिच्या साहेबाकडे जायचा. शिकणाऱ्याची बोलण्याची तयारी शंभरपैकी किती, आणि खाली दोन चौकोन: तयार, किंवा वेळ हवा. 'वेळ हवा'वर खूण केली की कंपनी मास्तरला विचारते, इतके महिने केलं काय? दोनदा असं झालं की मास्तरला नवीन माणसं देत नाहीत. माझं एकदा झालेलं होतं.

त्या दिवशीच्या तासाला तिनं विचारलं, "टीचर, मी तयार? खरं सांगा. साहेब मला वेळ देईल. तुम्ही लिहिलं तर देईल."

यापेक्षा सरळ माणूस काय विचारू शकतो? तिचे हात टेबलावर एकावर एक ठेवलेले दिसत होते. मला माहीत होतं की समोरच्यानं एक वाकडा प्रश्न विचारला की ही थांबणार. माहीत होतं की आकडा आला तर संपलंच. तोंडात आलं होतं, नाही बाई, थांबा.

"यू आर रेडी," मी म्हणालो. "व्हेरी गुड."

फॉर्मवर नव्वद टाकले. हात सवयीनं तिथंच गेला. वीसपैकी अठरा म्हणजे तेच.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वर्गात खडू हातात धरून उभा राहायचो. फॉर्म बदलता येतो का म्हणून दोनदा उघडून पाहिला. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत बदलता येत होता. मी बदलला नाही. पास होईल, नशीब चांगलं असेल तर सोपे प्रश्न येतील, असं म्हणत राहिलो. तिच्या खुर्चीचं काय होईल यापेक्षा माझ्या नावापुढे दुसरी खूण पडेल याचीच धास्ती मोठी होती. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली म्हणून आता लपवणार नाही.

परीक्षेनंतर पाचव्या दिवशी ती तासाला आली. नेहमीसारखी वेळेवर. केस नीट विंचरलेले. म्हणाली, आज शब्द नकोत, एक पत्र तपासून द्या. पत्र तिनं आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना लिहिलं होतं. एकोणीस वर्षांबद्दल आभार, आता तुमचं काम दुसरी व्यक्ती पाहील, वगैरे. त्यात एक वाक्य होतं: माझे शिक्षक खूप चांगले होते, पण माझं डोकं कमी पडलं, म्हणून मी जात आहे.

"हे बरोबर आहे?" तिनं विचारलं. "चूक आहे का यात?"

भाषेची चूक नव्हती.

मी विचारलं, काय झालं परीक्षेत? तिनं सांगितलं. स्क्रीनवर एक खरं गिऱ्हाईक होतं. त्यानं किती नग हवेत ते सांगितलं आणि म्हणालं, परत सांगा. ती थांबली. खोलीत साहेब होता, बाकीची माणसं होती. कुणीतरी घसा खाकरला. मग साहेब तिला म्हणाला, ठीक आहे, पुरे.

"नंबर," ती म्हणाली. "सोपं होतं. तुम्ही म्हणाले होते सोपं. मलाच नाही आलं."

मग मी बोललो. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढ्यात, व्यापाराचा एकही शब्द न वापरता. म्हणालो, सोपं नव्हतं. मलाच येत नव्हतं म्हणून मी पान उलटलं. तुम्ही तयार नव्हता हे मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तुम्ही आज टेबलावर असता.

ती थांबली. पण या वेळी मला कळलं की हे थांबणं वेगळं आहे. ती ऐकलेलं सगळं समजून घेत होती.

"मला वाटायचं," ती सावकाश म्हणाली, "मला बोलता येत नाही. पण टीचर गुड म्हणतात. मला ऐकू येत नाही असं काही टीचरना ऐकू येत असेल."

मी माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, रागावलीही नाही. तिनं विचारलं,

"अजून किती लोकांना तुम्ही तयार लिहिलं?"

"एक सोडून सगळ्यांना."

"किती?"

"अकरा."

"त्यांना परीक्षा आहे?"

"काहींना आहे."

"मग माझ्याशी का बोलता?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्यांना सांगा. आज." आणि स्क्रीन काळी झाली.

खाली आलो तर बायको ताट वाढून बसली होती. एकटक पाहून म्हणाली, "काय झालं? तोंड काहून उतरलं?" मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तिनं शेवटी एवढंच विचारलं,

"आपल्या पोरीले किती देले होते तोंडीत?"

"एकोणीस."

"आयकलं होतं तिले?"

"नाही," मी म्हणालो. आमची मुलगी पुण्याला असते. मुलाखतीचा विषय काढला की फोन आईकडे द्यायला सांगते.

"मंग बसले काहून?" बायको म्हणाली. "त्या बाईनं सांगतलं ना? लिवा त्यायले. जेवन काही पळून नाही चाल्लं."

मी वर गेलो. पहिलं पत्र लिहायला तास गेला, पुढची पटकन झाली. तुम्ही तयार आहात असं मी लिहिलं, ते खरं नाही. बोलण्याची परीक्षा असेल तर वेळ मागून घ्या. दोष माझा आहे. चार पत्रं गेली. पाचवं पाठवायला गेलो तर खातं उघडेना. त्या चौघांपैकी कुणीतरी कंपनीला लगेच विचारलं असणार, आणि कंपनीनं मला बंद केलं. त्यात कंपनीचं चुकलं असं मला वाटत नाही. मी फोन केला, विनवणी केली, सात जणांना फक्त एक ओळ जाऊ द्या म्हणालो. तिकडची पोरगी फार गोड आवाजात म्हणाली, सर, तुमचे रिपोर्ट उत्कृष्ट आहेत, आम्ही ते बदलू शकत नाही.

त्या सात जणांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. नावं आहेत, तीही त्यांनी आमच्या सोयीसाठी घेतलेली इंग्रजी नावं. त्यांवरून माणूस सापडत नाही. एक जण जहाजांच्या कचेरीत आहे. एकीला बढतीची मुलाखत होती, कधी ते मला आठवत नाही, आणि मी आठवायचा प्रयत्न रोज करतो. ते सगळे आत्ता कुठंतरी माझ्या नव्वदवर विश्वास ठेवून बसलेले आहेत.