ओनिडाचं नाक

आमच्या केंटकीच्या त्या खोऱ्यात ओनिडा स्टिनेटच्या शब्दाला आव्हान देईल असा माणूस जन्मायचा होता. हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, घरोघरी मुरवतात, पण मुरला की बिघडला हे विचारायला सगळे यायचे तिच्याकडे. हाडालगत दाभण खुपसायचं, उपसून नाकाशी धरायचं. ती ‘हो’ म्हणाली की खायचा, ‘नाही’ म्हणाली की मुकाट्याने खड्डा खणून पुरायचा.

तीच ओनिडा फेब्रुवारीत तापातून उठली ती नाक गमावून. कॉफी नाही, धूर नाही, कसलाच वास येईना. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता ऑक्टोबर उजाडला, पण बाईने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी इतका हट्ट? पण तिला सांगणार कोण?

डिसेंबरच्या कडाक्यात तिने आणि नवऱ्याने, व्हर्लिनने, डुकराच्या सहा मांड्या मीठ, साखर आणि मिरी चोळून खोक्यात ठेवल्या होत्या. वसंतात त्या धुतल्या, धुराच्या खोलीत आढ्याला टांगल्या, हिकरीच्या लाकडाचा धूर दिला. उन्हाळाभर त्यांना घाम सुटला, वर बुरशी धरली, सगळं रीतसर झालं. पण जानेवारीत मधेच चार दिवस भलताच उबारा आला होता, तो तिच्या मनातून जात नव्हता. मीठ हाडापर्यंत पोचायच्या आत ऊब लागली तर मांस आतून आंबतं, आणि बाहेरून काही म्हणता काही कळत नाही.

रविवारी चर्चचं वार्षिक जेवण होतं. सव्वाशे पानं, आणि हॅम नेहमीप्रमाणे ओनिडाचा.

शुक्रवारी सकाळी ती दाभण घेऊन धुराच्या खोलीत शिरली. व्हर्लिन हॅम उतरवून देत होता. पहिल्यात दाभण खुपसलं, नाकाशी धरलं. “छान,” ती म्हणाली. दुसऱ्यालाही “छान.” तिसऱ्याला मात्र हात थबकला. रविवारी समोर बसणारी चिल्लीपिल्ली डोळ्यांपुढे आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती मटकन खोक्यावर बसली.

“व्हर्लिन, मला वास येत नाही.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“मार्चपासून. खवट चरबी घालून बिस्किटं केली होतीस.”

“आणि तू खाल्लीस?”

“चार खाल्ली.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो,” व्हर्लिन म्हणाला.

ओनिडाला आधी राग आला, मग हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिने दाभण त्याच्या हातात दिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या कामासाठी ते त्याच्या हाती कधी गेलं नव्हतं. त्याने पहिल्यापासून सगळे हॅम तपासले. पाचव्याशी अडला, पुन्हा दाभण खुपसलं, पुन्हा हुंगलं.

“हा नको.”

“अरे, सगळ्यांत देखणा तोच आहे. मी पहिला तोच कापणार होते. नीट हुंग जरा.”

“नीटच हुंगलं.”

तिला भांडायचं होतं, पण कशाच्या जोरावर भांडणार? तिने करवत आणली आणि हॅम मधोमध कापला. हाडाभोवती मांस हिरवट, राखाडी पडलं होतं.

दोघं तिथेच बघत उभी होती, तेवढ्यात पलीकडच्या शेतावरचा कॉय लेडबेटर खांद्यावर हॅमचं गाठोडं टाकून आला.

“ओनिडामावशी, जरा बघता का? आमचा पहिलाच आहे.”

व्हर्लिनने दाभण पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. तिची झाकली मूठ तो आणखीही झाकायला तयार होता.

ओनिडाने ते घेतलं नाही. “माझं नाक गेलंय, कॉय. फेब्रुवारीतच गेलं. आता हे काम याचं.”

कॉयने व्हर्लिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “यांना जमतं?”

“जमतं म्हणजे? आत्ताच माझा हॅम नापास केलाय त्याने,” ओनिडा म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला होता, जणू तिचाच हॅम पहिला आला होता.